गियर उतरवितांना

मोटार हांकावयास शिकणाऱ्या माणसास वेग वाढविण्याची विद्या थोड्याच दिवसांत साधते; वेग उतरविण्याची विद्या मात्र पुष्कळांस वर्षानुवर्षें साधत नाहीं. चवथ्या गियरांतून तिसऱ्यांत, तिसऱ्यांतून दुसऱ्यांत येतांना गाडीनें हिसका दिला आणि आंतील मंडळींच्या माना पुढें झुकल्या, कीं नवशिका गाडीस दोष देतो. वस्तुतः दोष गाडीचा नसतो. आणि हिसका ही नुसती गैरसोयीची बाबही नसते. सपाट रस्त्यावर ती गैरसोय म्हणून सोडून देतां येईल. घाटाच्या उतारावर तसें म्हणतां येत नाहीं.

मुंबई-पुण्याच्या वाटेवरील बोरघाट घ्यावा. १८३० सालीं या घाटांतील रस्ता चाकाच्या वाहनांस खुला झाला. लोणावळ्याहून खोपोलीस येणारी गाडी ५०० मीटरांहून अधिक खालीं उतरते. प्रवासी व सामान धरून गाडीचें वजन १२०० किलो असेल, तर ५०० मीटर उतरण्यांत जी शक्ति मोकळी होते, ती सुमारें १९ लिटर पाणी उकळीस आणण्यास पुरेल. वारा आणि रस्त्याचें घर्षण यांत तिचा कांहीं भाग खर्च होतो. उरलेली शक्ति कोठें तरी जिरलीच पाहिजे. चालकानें सारा भार ब्रेकवर टाकला, तर ती तेथें उष्णतेच्या रूपानें सांठते आणि तापलेल्या ब्रेकची पकड मंदावते. ब्रेकमधील द्रवाचीही परीक्षा होते. डॉट ३ प्रतीच्या नव्या द्रवानें २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. हवेंतील ओल शोषलेल्या द्रवासाठीं तोच आंकडा १४० वर येतो. द्रवाची वाफ झाली, कीं पायाखालचें पेडल पोकळ लागतें, आणि समोर तर वळण असतें.

येथें इंजिन साह्यास येतें. खालच्या गियरांत गाडी असतां ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, म्हणजे चाकेंच इंजिनास फिरवूं लागतात. तें फिरविण्याच्या श्रमांत गाडीचा वेग आवरला जातो आणि ब्रेकला विसांवा मिळतो. ज्या गियरांत घाट चढावा त्याच गियरांत तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम याच अनुभवांतून आलेला आहे.

इंधन वाचविण्याच्या लोभानें कित्येक जण उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडतात. कोणी तर इंजिनच बंद करतात. हा हिशेब उलटा आहे. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनांत गाडी गियरांत असतां व वेग पुरेसा असतां पाय उचलला, कीं इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन जिवंत ठेवण्यास तें लागतच राहतें. इंजिन बंद केल्यास ब्रेकच्या पेडलास मिळणारें साह्य थोड्याच दाबांत संपतें आणि पुष्कळ गाड्यांचें स्टिअरिंगही जड होतें. चार पैशांच्या बचतीसाठीं घरच्या सर्व मंडळींचे प्राण पणास लावण्यासारखेंच हें आहे.

आतां हिसक्याचें कारण पाहूं. समजा, चवथ्या गियरांत इंजिनाचे मिनिटास १८०० फेरे होत आहेत. गाडीचा वेग तोच ठेवून तिसऱ्या गियरांत यावयाचें, तर इंजिनास सुमारें २५०० फेरे घ्यावे लागतील. क्लच दाबून गियर बदलीपर्यंत इंजिनाचे फेरे वाढण्याऐवजीं उलट कमी होतात. अशा स्थितींत क्लच झटकन सोडला, तर हें अंतर भरून काढण्याचें काम चाकांवर व क्लचच्या तबकडीवर येऊन पडतें. तोच हिसका. पावसानें निसरड्या झालेल्या रस्त्यावर त्यामुळें चाकांची पकड सुटूं शकते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर तिचा मागचा भाग बाजूस सरकतो. पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर ती वळणावर चालकाचें ऐकेनाशी होते.

१९२८ सालीं कॅडिलॅक गाडींत सिंक्रोमेशची योजना प्रथम आली. तत्पूर्वीं गियर बदलतांना दात खरखरत. आतां दांडा निमूटपणें आपल्या जागीं बसतो. परंतु या निमूटपणानें नवशिक्याची फसगत होते. सिंक्रोमेश गियरबॉक्समधील दातांचा वेग जुळवितें; इंजिनाचा नव्हे. तें काम चालकाच्या उजव्या पायाकडेच राहिलेलें आहे.

तें करावयाचें असें. प्रथम ब्रेकनें वेग आटोक्यांत आणावा. मग क्लच दाबून दांडा तिसऱ्या गियरांत न्यावा आणि क्लच दाबलेला असतांनाच ॲक्सिलरेटरला हलकासा स्पर्श करून इंजिनाचा आवाज थोडा चढूं द्यावा. तो चढलेला असतांनाच क्लच सावकाश सोडावा. मेळ जमला, तर आवाजांत फरक पडतो, पण गाडींत कांहीं घडल्याचें जाणवत नाहीं. सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या गाड्यांत दांडा न्यूट्रलमध्यें असतां क्लच एकदां सोडून, रेस देऊन, पुन्हां दाबावा लागे. एकाच पायानें ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही सांभाळण्याची जी करामत शर्यतींत चालते, तिचा नाद नवशिक्यानें धरूं नये. तसेंच गाडी वेगांत असतां एकदम पहिल्या गियरांत आणूं नये. त्यानें इंजिनास मर्यादेबाहेर फिरावें लागतें व तें मोडूं शकतें.

अभ्यास मोकळ्या, सपाट रस्त्यावर करावा. घाट ही शिकण्याची जागा नव्हे. आणि घाटांत गियर बदलावयाचा तो उतार सुरू होण्यापूर्वीं. गाडी उधळल्यावर नव्हे. वळणाच्या ऐन मध्यावर क्लचशीं खटपट करणाऱ्या चालकाचें लक्ष रस्त्यावर राहत नाहीं. खालच्या गियरांत असूनही वेग वाढूं लागला, तर ब्रेक थोडा वेळ ठामपणें दाबून सोडावा. त्यावर पाय सतत घासत ठेवूं नये.

स्वयंचलित गियरच्या गाड्या आतां पुष्कळ झाल्या आहेत; तरी त्यांतही उतारासाठीं खालचा गियर धरून ठेवण्याची सोय बहुधा असते, आणि ती वापरण्याचें भान चालकासच ठेवावें लागतें. ही विद्या कितपत साधली हें पाहण्यास यंत्राची गरज नाहीं. घाट उतरून गाडी खोपोलीस आली आणि मागच्या बाकावर डुलकी घेत असलेल्या आजीबाईंची झोंप मोडली नाहीं, तर चालक उत्तीर्ण झाला असें खुशाल समजावें.