परमुलखातील मजूर आणि वकिलाची लेखणी

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण मराठवाड्यात सर्वश्रुत आहे. व्यापारउदिमाने नावारूपास आलेल्या या नगराच्या लौकिकात अलीकडे लोखंडी सळयांच्या कारखान्यांची भर पडली आहे. परंतु हा पाळणा हालवणारे हात पुष्कळसे बाहेरगावचे आहेत. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा प्रांतांतून मजूर येथील भट्ट्यांवर येतात. उलट याच जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. म्हणजे परमुलखातील माणसाला आश्रय देणारा आणि आपली माणसे परमुलखात धाडणारा, असा हा दुहेरी जिल्हा आहे. अशा माणसाला अनोळखी गावी कायद्याचा आधार कोण मिळवून देतो, हा आजचा विषय.

सन २०२० च्या मे महिन्यातील ती घटना अनेकांच्या स्मरणात असेल. टाळेबंदीमुळे कारखाने थंडावले होते व मजुरीही थांबली होती. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातील वीस मजूर ७ मे रोजी सायंकाळी लोहमार्गाच्या कडेने पायी निघाले. भुसावळ गाठावे आणि तेथून श्रमिक गाडीने स्वदेशी जावे, एवढाच त्यांचा बेत होता. सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटर चालल्यावर करमाडजवळ ते थकून रुळांवरच निजले. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत होती. ८ मे रोजी पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण प्राणास मुकले. ते मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया या जिल्ह्यांचे रहिवासी होते. प्रवासाच्या परवान्यासाठी आठवडाभर आधी अर्ज केला होता, पण उत्तर आले नाही, असे बचावलेल्यांनी सांगितल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले.

अशा मजुरांसाठी कायदाच नव्हता काय? होता. सन १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर छायाचित्रासह पासबुक देण्याची, विस्थापन भत्ता देण्याची आणि जाण्यायेण्याचा प्रवासखर्च सोसण्याची जबाबदारी टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. पूर्वी पाच स्थलांतरित मजूर असले तरी कायदा लागू होई, आता दहा असावे लागतात. प्रवासभत्त्याची तरतूद मात्र तिच्यातही आहे. तात्पर्य, उणीव केवळ कायद्याची नाही. कायदा आणि माणूस यांच्यामध्ये एक अर्ज उभा असतो. तो कोणत्या कचेरीत, कोणत्या भाषेत, कोणत्या दाखल्यांसह द्यावा हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कायदा असून नसल्यासारखाच.

ही दरी भरून काढण्यासाठीच विनामूल्य कायदेसाहाय्याची योजना आहे. सन १९७६ मध्ये राज्यघटनेत ३९-अ हे कलम समाविष्ट झाले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याअन्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्ती, वेठबिगारीस बळी पडलेले लोक आणि औद्योगिक कामगार यांना, उत्पन्नाची अट न घालता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. म्हणजे भट्टीवरचा बिहारी मजूर असो वा उसाच्या फडातली अंबडची बाई असो, दोघांचाही त्यावर हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते व १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही विचारणा करता येते. सन २०१७ पासून ‘न्यायबंधू’ या योजनेत स्वेच्छेने, मोबदला न घेता काम करणाऱ्या वकिलांची नोंदणीही होऊ लागली आहे.

या वकिलाचे काम दिसावयास क्षुल्लक असते. मजुराचे नाव त्याच्या ओळखपत्रावर जसे आहे तसेच अर्जात उतरावे, ठेकेदार कोण, उचल किती, मजुरी किती ठरली व हाती किती पडली, कामावरून जाण्यास मज्जाव झाला काय, हे तो शांतपणे विचारून लिहून घेतो. पण त्या टिपणाचे मोल मोठे आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे ही वेठबिगारीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणी दिला, आणि तो दावा एका साध्या पत्रालाच अर्ज मानून चालला होता! १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे बांधून ठेवणारे कर्ज रद्द होते, आणि ते कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर पडतो. दंडाधिकाऱ्याकडून मिळणारे मुक्तता-प्रमाणपत्र हे अशा मजुराचे खरे कवच असते. ते मिळण्याआधीच पोटासाठी त्याला गाव सोडावे लागले, तर प्रकरण तेथेच विरते. म्हणून वेळेवर लिहिलेला जबाब फार महत्त्वाचा.

कायदेपंडितांची विद्या अशा वेळी किती उपयोगी पडते, याचेही उदाहरण त्याच मे महिन्यात दिसले. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवली, परवानग्या मिळवल्या आणि २८ मे रोजी मुंबईत अडकलेल्या झारखंडच्या मजुरांना विमानाने रांचीस पोहोचवले. पैसा लागलाच, परंतु कोणाकडे काय मागावे याचे ज्ञानही तितकेच लागले.

सन १९८६ मध्ये सुकदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आरोपीने मागणी केली नाही एवढ्यावरून त्याला मोफत वकिलाचा हक्क नाकारता येत नाही. ज्याला हक्कच ठाऊक नाही तो मागणार कसा? न्यायालयाने आरोपीपुरते सांगितलेले हे तत्त्व समाजाने मजुरासाठीही मानावे. नगरवासी कुटुंबांच्या दाराशी परगावचा पहारेकरी असतो, इमारतीच्या कामावर परप्रांतीय गवंडी असतो. त्याची मजुरी अडली आहे काय, एवढे विचारण्यास वकिली सनद लागत नाही, आणि १५१०० हा क्रमांक त्यास लिहून देण्यास विद्वत्ता लागत नाही. ज्यांच्याजवळ सनद आहे, त्यांनी महिन्याचा एक दिवस या कामी द्यावा. करमाडजवळ निजलेल्या त्या सोळा जणांनी कायद्याबाहेरचे काही मागितले नव्हते. त्यांनी फक्त घरी जाण्याचा परवाना मागितला होता.