आधी ओहम, मग बायस

जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर हाती आला की पहिली घाई होते ती नवे व्हॉल्व्ह बसवण्याची. जाणकार कारागीर मात्र आधी त्याला जोडलेले स्पीकर तपासतो.

अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा १९५९चा बासमन घ्या. त्यात दहा इंची चार जेन्सन स्पीकर, प्रत्येकी ८ ओहमचे, समांतर जोडलेले. एकूण भार २ ओहम. पुढे १९६२च्या सुमारास लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सर्किटवरून आपला ॲम्प्लिफायर बनवला. त्यांनी सेलेस्टियनचे बारा इंची स्पीकर घेतले आणि चार स्पीकरांची त्यांची पेटी १६ ओहमची झाली. सर्किट जवळपास तेच, पण भार आठपट! अशी पेटी बासमनला जोडून आवाज चढवला, तर व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर, व्होल्टेज उसळतं आणि जुन्या गुंडाळीचं इन्सुलेशन फुटण्याचा धोका असतो. तसा अस्सल ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणं कठीण.

इतक्या वर्षांत स्पीकर बदलले गेलेले असू शकतात, म्हणून लेबलवर विसंबू नये. वायर सोडवून मल्टीमीटर लावावा. ८ ओहमचा स्पीकर सहाच्या आसपास दाखवतो, १६ ओहमचा बारा-तेरा. स्पीकर बिघडलेला नसतो. मीटर डीसीवर मोजतो आणि स्पीकरचा इम्पिडन्स एसीचा असतो. बासमनचे चारही स्पीकर एकत्र मोजले तर दीड ओहमच्या जवळपास आकडा येतो. एवढ्या कमी रोधात मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम घोळ घालतो. त्यासाठी आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवावीत आणि दिसेल तो आकडा वजा करावा.

ट्रान्सफॉर्मरच अनोळखी असेल, तर तो सर्किटपासून सोडवून सेकंडरीला, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीला, १ व्होल्ट एसी द्यावा. प्रायमरीवर ४५ व्होल्ट आले, तर ४५चा वर्ग २०२५, आणि स्पीकरचा भार प्रायमरीवर तितक्या पटीने वाढून दिसतो. म्हणजे २ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला सुमारे ४००० ओहमचा दिसेल.

आता बायस, म्हणजे सूर नसतानाही व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा हे ठरवणं. बासमनच्या सर्किटच्या नकाशावर ५८८१ व्हॉल्व्हच्या प्लेटवर ४३२ व्होल्ट आणि ग्रिडवर उणे ४८ दाखवले आहेत. या व्हॉल्व्हची प्लेट २३ वॅट उष्णता सोसते. सत्तर टक्के धरले तर १६ वॅट, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हमागे साधारण ३७ मिलिअँपिअर. कॅथोड आणि अर्थ यांच्यामध्ये एक ओहमचा रेझिस्टर घातला की जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. त्यात स्क्रीनचा थोडा करंट धरलेला असतो. स्पीकर जोडलेला, व्हॉल्यूम शून्यावर आणि व्हॉल्व्ह चांगले तापलेले असतानाच वाचन घ्यावं. करंट फार वाढला तर प्लेट लाल होते. फार कमी ठेवला तर हळू सूरही खरखरतो. मूळ बासमनला बायसचं बटण नाही, तिथे रेझिस्टरच बदलावा लागतो. व्हॉक्सच्या एसी-३०मध्ये चार ईएल-८४चा बायस कॅथोडच्या रेझिस्टरवरच ठरतो, त्यामुळे फिरवायला काही नसतं.

सोल्डरिंगचं काम मात्र वीज काढून आणि कंडेन्सर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करूनच करावं. बंद सेटमध्येही चारशे व्होल्ट उरलेले असू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात.

आपल्याकडे अमेरिकन सेट २३० व्होल्टांवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतात. त्यातून नेमके किती व्होल्ट येतात यावर प्लेटचं व्होल्टेज बदलतं, म्हणून बायस रोज वापरायच्या त्याच ट्रान्सफॉर्मरवर लावून घ्यावा.