सुरतेच्या दगडांची साक्ष

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी आठवते, जर आठवते आणि घारीही. परंतु तापी आणि कीम या नद्यांच्या दरम्यानच्या साध्या शेतजमिनीखाली आपल्या सह्याद्रीच्या वयाचा पुरावा दडलेला आहे, हे थोड्यांसच ठाऊक असेल. हा पुरावा ज्यांनी लक्षपूर्वक वाचला त्यांत विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांचे नाव अग्रभागी येते.

१८३२ साली लंडनमध्ये जन्मलेले ब्लॅनफर्ड १८५५ साली हिंदुस्थानच्या भूस्तर-संशोधन खात्यात दाखल झाले. पुढे मुंबई इलाख्यात तापी व नर्मदा यांच्या खोऱ्यांची पाहणी त्यांच्याकडे आली. त्या काळी एक प्रश्न वादाचा होता: दख्खनचा काळा पाषाण भूमीवर पसरला केव्हा? तप्त शिलारसात जीवांचे अवशेष टिकत नाहीत. तेव्हा त्याच्या खाली काय आहे आणि वर काय आहे, हेच पाहावे लागते.

खालची साक्ष नर्मदेकाठच्या बाघ भागात मिळाली. तेथे पाषाणाखाली क्रिटेशस युगातील सागरी थर आहेत. वरची साक्ष सुरतेने दिली. तेथील चुनखडकात नाण्यांसारखे गोल, चपटे सागरी जीवावशेष सापडतात. ते नंतरच्या इओसीन युगातले. त्याच थरांत अकिकाचे गुळगुळीत गोटेही आहेत. अकीक तयार होतो काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत. नातीच्या गळ्यात आजीचा दागिना दिसला, तर दोघींत वडील कोण हे सांगावे लागत नाही. पाषाण आधीचा, सागर नंतरचा. ब्लॅनफर्ड यांचा हा वृत्तांत १८६९ साली प्रसिद्ध झाला. आजच्या किरणोत्सर्गी मोजणीने पाषाणाचे वय सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे येते. ते या दोन साक्षींच्या मध्येच बसते.

दरम्यान १८६७-६८ साली नेपियर यांच्या सेनापतित्वाखाली मुंबईहून फौज ॲबिसिनियावर निघाली. मोहीम युद्धाची होती, ज्ञानाची नव्हे. परंतु तिच्याबरोबर ब्लॅनफर्ड यांस धाडण्यात आले. सैनिकांच्या दृष्टीने मगदला हा सपाट माथ्याचा, उभ्या कड्यांचा शत्रूचा दुर्ग होता. सह्याद्रीतील गड पाहिलेल्यास तो अनोळखी वाटला नसता. ब्लॅनफर्ड यांनी तेथेही तोच प्रश्न विचारला: खाली काय, वर काय? तेथील शिलारसाच्या थरांचे त्यांनी दोन गट पाडले, खालचा अशांगी आणि वरचा मगदला. ही नावे भूशास्त्रात रूढ झाली. १८७० सालच्या ग्रंथात त्यांनी त्या प्रदेशाचे खडक व प्राणी यांची हकीकत वाचकांपुढे ठेवली.

१८७२ साली इराणच्या सरहद्द-मंडळाबरोबरही ते गेले. १८७९ साली मेडलिकट यांच्या सहकार्याने त्यांनी हिंदुस्थानच्या भूशास्त्राचा मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला. प्रवासात पाहिलेले स्वतःपाशी न ठेवता पुढच्या वाटसरूच्या हाती द्यावे, ही त्यांची रीत १९०५ साली निधन होईपर्यंत टिकली.

सुरतेची भूमी पुढेही बोलत राहिली. वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे सस्तन प्राणी व राळेत अडकलेले कीटक मिळाले आहेत. सुरतेहून उत्तरेस जाणाऱ्या प्रवाशाने कीम स्थानकावर बाहेर पाहिले, तर सपाट शेतेच दिसतील. परंतु खाली काय आणि वर काय, हा प्रश्न ज्याच्या मनात आहे, त्याला ती शेते मुकी वाटणार नाहीत.