टाकी बंद करण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याचे नाव ऑगस्ट २०२१ मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. कारण मात्र दुःखाचे होते. तालुक्यातील फुलसावंगी गावच्या शेख इस्माईल शेख इब्राहिम या तरुणाने स्वतःच्या हातांनी एक हेलिकॉप्टर तयार केले होते. गाव त्याला मुन्ना म्हणून ओळखत असे. शाळा आठवीत सुटलेली, पण वेल्डिंगमध्ये हात बसलेला. त्याने त्या यंत्रात मारुती ८०० मोटारीचे इंजिन बसवले होते. स्वातंत्र्यदिनी ते सर्वांना दाखवावे, अशी त्याची इच्छा होती. १० ऑगस्टच्या रात्री जमिनीवरच यंत्र चालवून पाहत असताना मागचा पंखा तुटला, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्या पंख्याचा घाव मुन्नाच्या डोक्यात बसला. त्यातच तो गेला.

नंतर दोन प्रकारची बोलणी ऐकू आली. कोणी म्हणाले, केवढा हा कारागीर! कोणी म्हणाले, नसते धाडस कशाला करायचे? दोन्ही बोलणी दोन दिवसांत विरून गेली. पण गावोगावच्या गॅरेजांत, वेल्डिंगच्या दुकानांत अशी डोकी आजही काम करीत आहेत. त्यांच्या उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे. जगात हजारो माणसांनी घरी, गोठ्यात, गॅरेजमध्ये विमाने बांधली आणि ती उडवली. ही माणसे काम कसे करतात?

याचे उत्तर मी आज एका साध्या भागाच्या आधारे देणार आहे. हा भाग फिरत नाही, आवाज करीत नाही, बाहेरून दिसतही नाही. तो म्हणजे इंधनाची टाकी.

घरी बांधायच्या विमानांना १९७० च्या दशकात एक नवे वळण मिळाले. अमेरिकेतील बर्ट रुटान या अभियंत्याने फोम, काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी रेझिन यांतून विमान बांधण्याची पद्धत रूढ केली. फोमला आकार द्यायचा, त्यावर कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे, की वाळल्यावर हलके आणि मजबूत कवच तयार होते. छतावरची फायबरची टाकी किंवा मोटारसायकलचे फायबरचे मडगार्ड आपण पाहतो, त्याचीच ही सुधारलेली जात. लाँग-ईझी या त्यांच्या विमानात पंखाच्या मुळाशी असलेला पोकळ भाग हीच पेट्रोलची टाकी असते. टाकी वेगळी बनवून आत ठेवायची नाही. विमानाचे अंगच टाकी होते. त्यामुळे वजन वाचते. १९८६ च्या डिसेंबरात याच रुटान यांनी आखलेल्या व्हॉयेजर विमानाने वाटेत कोठेही न उतरता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यात सतरा टाक्या होत्या आणि उडतानाच्या एकूण वजनात सुमारे ७२ टक्के वजन इंधनाचेच होते. नऊ दिवसांनी ते उतरले तेव्हा पन्नास किलोंहूनही कमी इंधन उरले होते. म्हणजे ते विमान उडत्या टाक्यांचा समूहच होते म्हणा ना!

पण विमानाचे अंगच टाकी झाले, की टाकीची गळती ही विमानाच्या अंगातली गळती होते. म्हणून ही टाकी बांधताना फार सांभाळावे लागते.

पहिला मुद्दा रेझिनचा. रेझिन आणि हार्डनर वजन करून, ठरलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात. अंदाजाने ओतलेले मिश्रण वरून वाळल्यासारखे दिसते, पण आत कच्चे राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. अशा उन्हात भांड्यातले मिश्रण हाताशी असतानाच तापून घट्ट होऊ लागते. पावसाळ्यात उलटा प्रकार. दमट हवेत वाळणाऱ्या थरावर कधीकधी मेणासारखा पातळ थर येतो. तो पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून काढला नाही, तर पुढचा थर त्याला धरतच नाही. म्हणजे काम कोणत्या दिवशी करायचे, हाही कारागिरीचाच भाग आहे.

दुसरा मुद्दा छिद्रांचा. कापडाच्या विणीत हवेचे बुडबुडे अडकतात आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. मडगार्डला त्याने काही बिघडत नाही. पेट्रोल मात्र अशा छिद्रातून वाट काढते, फोमपर्यंत पोहोचते आणि आतल्या आत पसरते. काही प्रकारचा फोम पेट्रोलमध्ये चक्क विरघळतो. म्हणून टाकीच्या आतल्या बाजूला रेझिनचा जादा हात देतात आणि प्रत्येक कोपऱ्यात गोलाई भरून, वर कापडाच्या पट्ट्या चढवून सांधा बंद करतात.

तिसरा मुद्दा टाकीच्या आतल्या रचनेचा. विमान कलते, तेव्हा पेट्रोल एका बाजूला धावते. ते अडवण्यासाठी आत आडव्या भिंती ठेवतात आणि त्यांना तळाशी व वरती छोटी भोके ठेवतात, म्हणजे पेट्रोल हळूहळू सरकते आणि वरची हवा कोंडत नाही. सर्वांत खालच्या जागी एक खळगी करतात. पेट्रोलपेक्षा पाणी जड असते, ते तेथे साठते. प्रत्येक उड्डाणापूर्वी खालची तोटी उघडून ते काढून पाहायचे असते. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी बसवतात. टाकीत हवा येण्यासाठी वेगळी नळी ठेवतात. स्कूटरच्या टाकीच्या झाकणातले बारीक भोक बुजले, की गाडी चालता चालता बंद पडते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती ढकलत नेता येते. आकाशात ती सोय नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, काचतंतूतून वीज वाहत नाही. पेट्रोल भरताना घर्षणाने साठलेल्या विजेला जायला वाट हवी, म्हणून झाकणाच्या धातूच्या कड्यापासून तार जोडून ठेवावी लागते.

आता चौथा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो म्हणजे झाकण लावणे. टाकीचे वरचे आवरण चिकटवले, की आतले काही पुन्हा दिसत नाही. ते सांधे आंधळेपणाने जुळतात. म्हणून जाणकार माणूस आधी रंगीत तालीम करतो. आतल्या भिंतींच्या कडांवर ओला लेप लावायचा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरायचा आणि झाकण दाबून बसवायचे. मग ते उचलायचे. लेप जेथे दबलेला दिसत नाही तेथे फट आहे, हे कळते. ती फट भरायची आणि पुन्हा पाहायचे. शेवटी आतला भुसा, घासलेली पूड, कापडाचे धागे सारे पुसून काढायचे. कारण तेच उद्या जाळीत अडकणार असतात.

आणि मग दुसऱ्या माणसाला बोलवायचे. अमेरिकेत १९५३ साली घरगुती विमाने बांधणाऱ्यांची एक संघटना सुरू झाली. तिचे अनुभवी सभासद तांत्रिक सल्लागार म्हणून नव्या बांधणाऱ्याच्या घरी जातात आणि कोणताही भाग कायमचा बंद होण्यापूर्वी तो पाहून घेतात. ब्रिटनमध्ये तर ठरावीक टप्प्यावर निरीक्षकाची सही लागते. यात अविश्वास मुळीच नाही. ज्याने महिनोन्‌महिने एकच वस्तू पाहिली आहे, त्याच्या नजरेला तिच्यातील दोष दिसेनासा होतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

झाकण लागले, रेझिन पुरते वाळले, की परीक्षा. ती पेट्रोल भरून घ्यायची नाही, हवा भरून घ्यायची. पण कॉम्प्रेसर लावायचा नाही! त्याचे कारण साध्या गणितात आहे. दर चौरस इंचाला एक पौंड एवढाच दाब दिला, तरी एक फूट लांब, एक फूट रुंद पत्र्यावर सुमारे ६५ किलोंचा भार येतो. म्हणजे एक माणूस आतून उभा राहून ढकलतो आहे असे समजा. कॉम्प्रेसरच्या हवेने टाकी फुटायला क्षण पुरतो.

त्याऐवजी गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पारदर्शक नळी घ्यायची. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरायचे आणि एक टोक टाकीला जोडायचे. टाकीची बाकीची तोंडे बंद करून हळूच हवा सोडायची. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटरचा फरक पडला, की एक पौंड दाब झाला. आराखड्यात सांगितलेल्या दाबाच्या पुढे जायचे नाही. मग पाण्याची पातळी पाहत राहायचे. ती उतरली तर गळती आहे. मात्र घाई करायची नाही. हवेचे तापमान एक अंशाने बदलले, तरी पातळीत साधारण साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. म्हणून ही परीक्षा सावलीत आणि तापमान स्थिर असताना घेतात. गळती आहे असे ठरले, की गॅसच्या रेग्युलेटरला लावतो तसे साबणाचे पाणी सांध्यांवर लावायचे. बुडबुडा सांगेल ती जागा खरी. बारीक छिद्र असेल तर टाकीतील थोडी हवा ओढून घ्यायची आणि बाहेरून पातळ रेझिन लावायचे, ते आपोआप छिद्रात शिरते. पूर्वी आत पातळ लेप ओतून टाकी घोळवण्याची पद्धत होती. पुढे कित्येक टाक्यांत त्या लेपाचे पापुद्रे सुटून जाळ्या तुंबल्या. गळती झाकणे आणि गळती बंद करणे, यांत हा फरक आहे.

आपल्या देशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते आणि २० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. इथेनॉल काही प्रकारच्या रेझिनला आणि सांधे भरण्याच्या मसाल्याला मऊ पाडते. म्हणून त्याच रेझिनचा, त्याच कापडाचा एक तुकडा आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये काही महिने बुडवून ठेवावा. अधूनमधून त्याचे वजन करावे, नखाने दाबून पाहावे. तुकडा बिघडला तर रुपये जातील. टाकी बिघडली तर माणूस जाईल.

टाकी चांगली झाली तरी काम संपत नाही. प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात लाँग-ईझी विमानाच्या अपघातात गेले. विमान त्यांनी दुसऱ्याकडून घेतले होते. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवण्याची खुंटी आराखड्यात पुढे होती. बांधणाऱ्याने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. मागे वळून ती फिरवण्याच्या प्रयत्नात विमानावरचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. खुंटीवर आणि इंधन पाहण्याच्या काचेवर नीट खुणाही नव्हत्या. एवढीशी खुंटी!

श्रोतेहो, आता पुन्हा फुलसावंगीकडे वळू. टाकीच्या परीक्षेत आपण काय केले? एकच भाग वेगळा घेतला. कमीत कमी शक्ती वापरली. फुटला तरी कोणाला इजा होणार नाही, अशी सोय केली. दुसऱ्याला दाखवला. हेलिकॉप्टरच्या कारखान्यांतही पंख्याची परीक्षा याच रीतीने होते. पंखा वेगळ्या मनोऱ्यावर बसवून फिरवतात आणि माणसे भिंतीआड असतात. फिरणाऱ्या पात्याच्या रेषेत कोणी उभे राहत नाही. ही रीत कळायला पदवी लागत नाही. कोणीतरी ती सांगावी मात्र लागते, आणि मुन्नासारख्या मुलाच्या गावात ती सांगणारा कोणी नसतो.

कायद्याचा रस्ता अवघड आहे, पण तो आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधले. ते २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. यादव स्वतः वैमानिक होते, मुंबईत राहत होते. तरी त्यांना इतकी वर्षे कागदांमागे फिरावे लागले. आठवी शिकलेल्या खेड्यातल्या मुलाने कोणते दार ठोठवावे?

ते दार जवळ हवे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये, जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात महिन्यातून एक दिवस अशा कारागिरांसाठी ठेवता येईल. मुलाने आपले यंत्र आणावे, शिक्षकाने ते पाहावे, कोणता भाग आधी आणि कसा तपासायचा ते सांगावे. यासाठी मोठा निधी नको. एक खोली, एक फळा आणि ऐकून घेणारा माणूस पुरे. आणि आपण गावकऱ्यांनी व्हिडिओ काढताना टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारावा, “बाबा, हे तू कोणाला दाखवलेस?”