बाण सैरावैरा धावतो तेव्हा

होडीवरचा जीपीएस संगणकाला जोडायचा म्हटलं की दुकानदार यूएसबीची केबल पुढे करतो. पण बऱ्याच जुन्या यंत्रांना यूएसबी कळतच नाही. ती १९८३ साली ठरलेल्या ‘एनएमईए ०१८३’ या भाषेत, सेकंदाला ४८०० बिट अशा संथ लयीत बोलतात. त्यामुळे मध्ये सिरियल-यूएसबी कन्व्हर्टर हा दुभाषा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. जीपीएस आधीच चालू असेल, तर विंडोजला कधीकधी त्याची अखंड बडबड माऊसची वाटते! बाण पडद्यावर सैरावैरा धावतो, नको त्या फाइली उघडतो. मिरकरवाड्याच्या एका तांडेलाने मला विचारलं, “व्हायरस शिरला काय हो?” व्हायरस नव्हे. जीपीएस बंद करा, केबल राहू द्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘सिरियल बॉलपॉइंट’ नावाचा खोटा माऊस दिसेल, तो ‘डिसेबल’ करा. मग जीपीएस चालू करा.

केबल नेहमी त्याच खाचेत खोचा. खाच बदलली की पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि नकाशा होडीलाच शोधत बसतो. रात्री खडकांजवळ हे परवडणारं नाही. जोडणी बंदरातच तपासा, आणि समुद्रात जीपीएसचा स्वतःचा पडदा चालू ठेवा. संगणक अडला तरी अक्षांश-रेखांश तिथे दिसत राहतात.