मांडीवरचे सूत आणि विज्ञानाचा पदवीधर

(भंडारा येथील भाषणाचे शब्दांकन)



विज्ञानाची किंवा डिझाइनची पदवी हाती पडली की आपला तरुण पुण्याची गाडी पकडतो. त्याला दोष देण्यासाठी मी उभा नाही. इथे राहून काय करता येईल, हे आपण वडीलधाऱ्यांनीच त्याला कधी दाखविले नाही.

दाखविण्यासारखे फार दूरही नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर आपले ढिवर बांधव टसरच्या अळ्या पोसतात आणि मोहाडी तालुक्यात आंधळगावसारख्या गावी विणकर कोशाचे वस्त्र विणतात. या दोहोंमधले काम भगिनींकडे असते. उकडलेल्या कोशांचे तंतू एकत्र ओढून त्या उघड्या मांडीवर तळहाताने वळावयाचे, ही टसरची परंपरागत रीत. त्वचा सोलवटते, पाठ वाकते. पूजेला आपण जे वस्त्र पवित्र म्हणून नेसतो, त्याचा धागा अशा मांडीवरून आलेला असू शकतो, हे किती जणांच्या ध्यानी असते?

केंद्रीय रेशीम मंडळाच्या तंत्रसंशोधन संस्थेने छत्तीसगडमधील चांपा येथील एका उद्योजकाच्या सहकार्याने यावर ‘बुनियाद’ नावाचे यंत्र सिद्ध केले. २०१९ साली ही प्रथा संपविण्याचा संकल्प केंद्राने सोडला, तेव्हा सांगितलेले आकडे असे: मांडीवर सूत काढून दिवसाला सुमारे १२५ रुपये, यंत्रावर ३५० रुपये, यंत्राची किंमत, कर आणि वाहतूक वगळून, २५ हजार रुपये. चांपा हे भंडाऱ्याहून लहान शहर आहे. तेथेही कोशाचाच व्यवसाय चालतो.

पण यंत्र झाले म्हणजे काम संपले, असे नाही. ते नादुरुस्त झाले तर गावात कोण पाहणार? वीज गेली तर? रसायनशास्त्राचा पदवीधर कोश शिजविण्याचे द्रावण तपासील, भौतिकशास्त्राचा धाग्याचा ताण मोजील. डिझाइनचा विद्यार्थी त्या भगिनीची बैठक, तिच्या हाताची पोच आणि तिच्या घरातील अपुरी जागा पाहील. हे तिघे एकत्र आले, तर तो तंत्रज्ञान-उद्योग होय. आज मात्र ते तीन वेगवेगळ्या स्पर्धा परीक्षांची तयारी करीत बसलेले असतात.

विदर्भाला हा विचार परका नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगेनीजच्या धंद्यात मिळविलेली संपत्ती मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिली, ती व्यावहारिक विज्ञानाच्या शिक्षणासाठी. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. २०२३ साली तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपल्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतले मँगेनीज डायऑक्साइड विजेरीच्या सेलसाठी वापरले जाते. माल इथला असताना त्याच्यावर प्रयोग करणारी छोटी प्रयोगशाळा इथे का नसावी? आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी स्वयंरोजगारी कारागिराला ‘विश्वकर्मा क्षेत्र’ म्हणत आणि त्याला अर्थव्यवस्थेत स्वतंत्र स्थान देत. त्या क्षेत्रात पदवीधर शिरला पाहिजे.

शासनाच्या योजना आहेत. २०१६ पासून स्टार्टअप इंडिया आणि अटल नवोन्मेष अभियान चालू आहे. त्यांचे अर्ज तरुणांना आपल्यापेक्षा चांगले भरता येतात. त्यांना उणीव भासते ती निराळ्या गोष्टींची. पहिले दोन-तीन नमुने फसणारच. तोवर घरात ‘नोकरी कधी?’ हा प्रश्न कोणी विचारू नये. (मुलगी देतानाही विचारू नये, पण ते धाडस आज मी करीत नाही.) दुसरे म्हणजे पहिला ग्राहक. नातलगाने फुकट नेलेला नमुना ही विक्री नव्हे. पूर्ण दाम देऊन घेणारा आणि दोष तोंडावर सांगणारा माणूस त्याला हवा असतो.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले काही जण या सभागृहात आहेत. वरठी आणि गडेगावच्या कारखान्यांत काम करणारेही आहेत. आपल्या हाताला यंत्राची भाषा येते. आठवड्यातून एक सायंकाळ एका तरुणाला द्यावी. ज्यांच्याकडे लेथ आहे त्यांनी रविवारी तो वापरू द्यावा, आणि ज्या भगिनी मांडीवर सूत काढतात त्यांच्या अंगणात आधी जाऊन बसावे, नमुना नंतर करावा. दाराशेजारी वही ठेवली आहे. नाव, पत्ता आणि कोणता वार मोकळा आहे, एवढे लिहून जावे.