हेड घासण्याआधी

जुन्या गाडीचं इंजिन खोललं, ब्लॉक बोअरिंगला गेला, की लेथवाला हमखास विचारतो, "हेड आलंच आहे, तर जरा जास्त घासून देऊ का? पिकअप वाढेल." पिकअप वाढतो, हे खरं. पण इंजिन किती वर्षं टिकेल, याचा निकालही तिथेच लागतो.

ॲम्बॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन घ्या. मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज. त्याच्या एका सिलिंडरचं माप ३७२ सीसी. पिस्टन माथ्यावर आल्यावर वर ६० सीसी जागा उरत असेल, तर दोन्ही मिळून ४३२, भागिले ६०, म्हणजे ७.२ हा कॉम्प्रेशन रेशो. हेड घासलं की ही जागा घटते आणि रेशो वाढतो. एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये एवढ्याच सीसीच्या इंजिनाचा रेशो ८.३ होता, तिथे उरणारी जागा ५१ सीसी. फरक अवघा ९ सीसी, चहाचे दोन चमचेही नाहीत. कार्यक्षमता वाढते, तीही कागदोपत्री, साडेचार टक्के.

शिवाय बोअर एक मिलिमीटरने वाढला, तर हेडला हात न लावताही रेशो ७.४च्या आसपास जातो. तेव्हा आधी हेडमधली जागा मोजावी. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटं ठेवायचं. कडेला ग्रीस लावून, भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा वर दाबायचा आणि ब्युरेटने रॉकेल सोडायचं. शेवटचा बुडबुडा निघाला की आकडा वाचायचा. चारही सिलिंडरचे आकडे जुळायला हवेत. गॅस्केटची जाडी आणि पिस्टनच्या माथ्यावरचा खळगाही हिशेबात धरायचा.

आकडा ताणला की काय होतं, ते एमजीएच्याच ट्विन कॅम मॉडेलने दाखवलं. १९५८ साली आलेल्या या गाडीचं १५८८ सीसीचं इंजिन बी-सिरीजवरूनच बेतलेलं, रेशो ९.९, ताकद १०८ हॉर्सपॉवर. पण पिस्टन जळू लागले. कंपनीने रेशो ८.३वर आणला, तोवर गाडीचं नाव खराब झालं होतं. १९६० मध्ये, २,१११ गाड्यांनंतर, उत्पादन थांबलं. पुढे उलगडा झाला, की ठरावीक वेगाला कार्ब्युरेटर थरथरत, पेट्रोल फेसाळे आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडे. कमी रेशोच्या इंजिनाने हा दोष बराचसा पचवला, ९.९ला पचवायला वावच नव्हता.

कमी रेशो म्हणजे इतर चुकांना दिलेली सवड. जुन्या गाडीत त्या चुका असतातच. रेडिएटर अर्धा बुजलेला, डिस्ट्रिब्युटरची बुश झिजलेली. त्यात इथेनॉलमिश्रित पेट्रोल. त्याचा ऑक्टेन चांगला असतो. पण जुन्या जेटमधून मिश्रण पातळच पडतं. वाढलेला दाब पेलायला क्रँकखाली मेन बेरिंगं तीनच. शिवाय २००० सालापासून देशात शिशाचं पेट्रोल बंद आहे. ओतीव लोखंडी हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटना शिशाचं संरक्षण होतं, ते गेलं.

म्हणून रोजच्या वापराची ॲम्बॅसडर बांधताना रेशो आठच्या आतच ठेवावा. जास्त घासण्याचे वाचलेले पैसे कठीण धातूच्या एक्झॉस्ट सीट, स्वच्छ रेडिएटर आणि दुरुस्त डिस्ट्रिब्युटरवर घालावेत. हेड वाकलं असेल, तर सपाट होण्यापुरतंच घासायचं. त्याहून जास्त घासायचं असेल, तर लेथवाल्याला आधी सीसीचा आकडा द्या, मग हेड.